कुलपं उघडली त्या दिवशी

“त्या दिवशी माझा पाय मोडला,” हॉज गिरणीवाला म्हणाला आणि पुरावा म्हणून त्याने पाय पुढे केला.

राजाच्या अंमलदाराने पायाकडे पाहिलंही नाही. त्याच्या कारकुनाने तेवढं लिहून घेतलं. हॉज मागे सरकला, तसा सायमन कुंभार पुढे आला. पवित्र ग्रंथावर हात ठेवून म्हणाला, “त्या दिवशी मी बार्लीच्या गाडीवरून पडलो, सरकार. डावा पाय मोडला.”

त्याच्यामागून पीटर मेंढपाळ आला. तो कुंपणावरून पडला होता. त्याचा उजवा पाय मोडला होता.

अंमलदाराने पहिल्यांदाच मान वर केली. “ॲशकोम गावात त्या दिवशी धड चालणारं कुणी होतं का?”

देवळाच्या एका बाजूला सर रॅनल्फ आणि त्यांची माणसं बसली होती. ती खो खो हसली. आम्ही बारा जण दुसऱ्या बाजूला खाली बघत उभे राहिलो. आमच्या पुढे, एकटाच, बर्ट्रम उभा होता. त्याला काही हसू आलं नाही. येणार कसं, त्याच्या वयाचाच फैसला चालला होता.

ही गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. मी ॲडम, छपरं शाकारणारा. तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो, आता सत्तरीचा आहे आणि शिडीवर चढायला घरातून बंदी आहे. म्हणून बसल्या बसल्या सांगतो.

आमच्याकडे रीत अशी होती की जमीनदार सरदार वारला आणि मागे पोर लहान असलं, की राजा ते पोर आणि त्याची जमीन दुसऱ्या एखाद्या सरदाराच्या हवाली करायचा. पोर एकवीस वर्षांचं झालं की त्याला आपली जमीन परत मिळायची. बर्ट्रमचे वडील सर ह्यू आमचे धनी होते. पोर सात वर्षांचं असताना ते तापाने गेले, पाठोपाठ बाईसाहेबही गेल्या, आणि दोन दिवसांच्या वाटेवर राहणारे सर रॅनल्फ पोराचे पालक झाले. त्यांनी बर्ट्रमला घोड्यावर बसायला शिकवलं, तलवार शिकवली, लढाईवर नेलं. ते सगळं चांगलंच शिकवलं, खोटं कशाला बोलू? पण इकडे त्यांनी आमचं ओकचं रान तोडायला काढलं. त्या रानातल्या फळांवर आमची डुकरं जगायची, त्या लाकडावर आमच्या चुली पेटायच्या. डोंगराची अलीकडची बाजू बोडकी झाली होती. पलीकडची तेवढी उरली होती, आणि आणखी दोन हिवाळ्यांत तीही गेली असती.

सर रॅनल्फ यांना नेमके ते दोनच हिवाळे हवे होते. ते म्हणत होते, पोरगा एकोणीसचा आहे.

आता वय सिद्ध करायचं कसं? फादर जन्माची नोंद देवळातल्या पोथीत करत, पण ती पोथी एका वर्षी आगीत जळाली. मग उरली जुनी रीत. गावातल्या बारा पोक्त माणसांनी शपथेवर साक्ष द्यायची, आणि प्रत्येकाने सांगायचं, की तो दिवस आपल्याला कशामुळे आठवतो.

घोटाळा इथेच झाला. बर्ट्रमचा जन्म आम्हा बाराही जणांना लख्ख आठवत होता. नाताळाच्या दीड महिना आधीचा सेंट मार्टिनचा सण होता, घंटा वाजल्या होत्या, सर ह्यूंनी चौकात बियरची पिंपं फोडली होती. पण वर्ष कोणतं? ते कुणाला सांगता येईना. आम्ही खेड्यातली माणसं हिवाळे मोजतो, गाईची वेतं मोजतो, राजाच्या कारकिर्दीची वर्षं मोजत नाही. मग गावकारभारी वॅटकिनने आम्हाला आपल्या कोठारात बोलावलं आणि प्रत्येकाला एकेक आठवण वाटून दिली. माणूस मनाने चांगला, पण कल्पनेची त्याच्याकडे मोठी टंचाई. पाय मोडण्यापलीकडे त्याला काही सुचेना. मला त्याने देवळाच्या छपरावरून पाडलं.

साक्षीच्या दिवशी सकाळी माझी बायको ॲग्नेस माझ्या अंगरख्याला टाके घालत होती.

“आज काय सांगणार आहेस?” तिने विचारलं.

“छपरावरून पडलो, पाय मोडला.”

“कोणता?”

“वॅटकिनने सांगितलं नाही.”

“मग एक कोणता तरी ठरव. जाताना या पायाने लंगडशील आणि येताना त्या पायाने.” तिने दोरा दातांनी तोडला. मग हसू आवरून म्हणाली, “तुझी पाळी आली की माझ्याकडे बघ.”

“कशाला?”

“बघ म्हणते ना.”

तर असं सगळं होऊन आम्ही देवळात उभे होतो. सहावा साक्षीदारही पाय मोडून गेला. सातव्याने सावधपणे हात मोडला. अंमलदाराने कारकुनाच्या हातातली लेखणी थांबवली.

“सर रॅनल्फ, तुमचं काय म्हणणं?”

सर रॅनल्फ उठले. साठीचे होते, पण छाती अजून पिंपासारखी. “माझं म्हणणं सरळ आहे. मी राजाबरोबर समुद्रापलीकडे गॅस्कनीच्या स्वारीवर होतो, दोन वर्षं. स्वारीवरून परत आलो त्या हिवाळ्यात हा पोरगा जन्मला. माझी बायको त्याच्या आईची बहीण लागत होती. बाळंतपणाला ती इथे आली होती. म्हणजे स्वारीच्या नंतर. मोजा. एकोणीस होतात.”

“आणि हे म्हणतात, स्वारीच्या आधी.”

“हे म्हणतात की त्यांचे पाय मोडले,” सर रॅनल्फ म्हणाले. पुन्हा हशा पिकला.

मी बर्ट्रमकडे पाहिलं. पोरगा ताठ उभा होता, पण कान लाल झाले होते. आदल्या दिवशी तो एकटाच त्या बोडक्या डोंगरावर गेला होता. तोडलेल्या बुंध्यांमधून फिरत होता, एखाद्या बुंध्यावर हात ठेवून थांबत होता. मी छपरावरून पाहिलं होतं त्याला. त्याच्या वडिलांची चाल, त्याच्या वडिलांसारखे खांदे.

आठवा साक्षीदार झाला. अंमलदाराने जांभई दिली. नववा मी.

मी ग्रंथावर हात ठेवला. “मी ॲडम. छपरं शाकारतो,” म्हणालो आणि थांबलो. छपरावरून पडलो म्हणालो असतो, तर त्या हशात बर्ट्रमचं सगळं बुडालं असतं. आणि दुसरं जे सांगण्यासारखं होतं, ते एकवीस वर्षं आम्ही दोघांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग मला सकाळचं बोलणं आठवलं. मी दाराकडे पाहिलं. बायका तिथे घोळक्याने उभ्या होत्या. ॲग्नेस सगळ्यांच्या पुढे होती. तिने माझ्याकडे बघत हळूच दोन्ही हात वर नेले आणि हनुवटीखाली बांधलेल्या रुमालाची गाठ सोडली.

ती काय सांगते आहे ते मला कळलं. मी मान हलवली, नको म्हणून. तिने रुमाल काढून हातात घेतला आणि केस मोकळे ठेवून तशीच उभी राहिली.

“बोल बाबा,” अंमलदार म्हणाला. “पाय मोडला का?”

“नाही सरकार. माझं काही मोडलं नाही. त्या दिवशी मी एका बाईला घेऊन पळालो.”

वॅटकिन माझ्या मागून पुटपुटला, “हे ठरलं नव्हतं.”

“कोणती बाई?” अंमलदाराने विचारलं. त्याची जांभई कुठल्या कुठे गेली होती.

“सर ह्यूंच्या बाईसाहेबांना वेणा लागल्या त्याला दीड दिवस झाला होता. मूल अडलं होतं. मग सुईण म्हणाली, घरात एकही गाठ राहू देऊ नका, एकही कुलूप राहू देऊ नका, सगळं मोकळं करा म्हणजे बाई मोकळी होईल. आमच्याकडे तशी समजूत आहे, सरकार. पेट्या उघडल्या, दारं उघडली, घोड्यांची दावी सोडली. बायकांनी वेण्या सोडल्या. माळ्याने तर कुत्र्याचा पट्टाही काढला. मी तेव्हा तबेल्याचं छप्पर शाकारत होतो. कोठीच्या खोलीत एका मुलीला कोंडून ठेवलं होतं, कारण ती माझ्याशी बोलताना सापडली होती. तिला परत नेऊन तिच्या धन्याच्या गुराख्याशी तिचं लग्न लावायचं होतं. सुईणीच्या हुकमावरून त्या कोठीचंही कुलूप निघालं. मुलगी बाहेर आली. मी शिडीवरून उतरलो. आम्ही नदीपर्यंत गेलो तेव्हा मागून घंटा वाजायला लागल्या. मूल झालं होतं.”

“तिचा धनी कोण?”

आता काही लपवून उपयोग नव्हता. “सर रॅनल्फ. त्यांच्या बाईसाहेबांनी तिला बाळंतपणाच्या कामासाठी बरोबर आणलं होतं. ती त्यांच्या जमिनीची बांधील होती. तिचं नाव मॉड. आता ती माझी बायको आहे. गाव तिला ॲग्नेस म्हणतं.”

बांधील म्हणजे काय ते आजच्या पोरांना सांगावं लागतं. बांधील माणूस जमिनीबरोबर धन्याचा असायचा. धन्याला न विचारता त्याला ना लग्न करता येई, ना गाव सोडता येई. पळून राजाची सनद असलेल्या एखाद्या शहरात एक वर्ष आणि एक दिवस काढला, तर मात्र तो मोकळा व्हायचा. आम्ही शहरात दहा महिने काढले. मग माझी आई अंथरुणाला खिळली आणि आम्हाला परत यावं लागलं. सर ह्यूंनी मॉडला बघताक्षणी ओळखलं. म्हणाले, “ही शहरातली कोण म्हणालास? ॲग्नेस? बरं.” आणि मान फिरवून निघून गेले. त्यांनी मरेपर्यंत ते कुणाला कळू दिलं नाही. पुढे सर रॅनल्फ पालक झाले, वर्षातून दोनदा गावात यायला लागले, तेव्हा ॲग्नेस त्या दिवशी आजारी पडायची. एवढं आजारपण साऱ्या गावात कुणाला नव्हतं.

एक वर्ष आणि एक दिवस झाला नव्हता. म्हणजे कायद्याने ती अजून सर रॅनल्फ यांचीच होती. आणि हे मी भरदेवळात माझ्या तोंडाने सांगून बसलो होतो.

सर रॅनल्फ सावकाश उठले. दाराकडे वळून त्यांनी तिला नीट निरखून पाहिलं. मग त्यांचा चेहरा खुलला.

“मॉड! माझ्या स्वयंपाकघरातली मॉड! अंमलदारसाहेब, ही बाई माझी आहे. मी तिच्यावर हक्क सांगतो, इथेच, तुमच्यासमोर.”

“वीस वर्षांनी?” अंमलदार म्हणाला. “हीच ती, याची खात्री काय? आणि ती पळाली होती, याला आधार काय?”

“आधार? माझ्याकडे लेखी आहे! माझ्या बांधील माणसांची यादी माझ्या कारकुनाकडे आहे. तिच्या नावापुढे लिहिलंय, सेंट मार्टिनच्या सणाला ॲशकोममधून फरार. बायको तिच्याशिवाय घरी आली तेव्हा मी दोन घोडेस्वार नदीपर्यंत धाडले. आणखी शोधलं असतं. पण नाताळ झाला की मला गॅस्कनीला जहाजावर चढायचं होतं, म्हणून ते तसंच राहून...”

ते थांबले.

कारकून लिहीत होता. त्याच्या लेखणीचा कुरकुर आवाज तेवढा ऐकू येत होता. माझ्या तर काहीच लक्षात आलं नव्हतं. मी आपला मॉडकडे बघत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“शेवटचं वाक्य पुन्हा वाच,” अंमलदार कारकुनाला म्हणाला.

कारकुनाने वाचलं. “नाताळ झाला की मला गॅस्कनीला जहाजावर चढायचं होतं.”

“म्हणजे बाई पळाली ती स्वारीच्या आधी.” अंमलदार बोटं एकमेकांत गुंफून मागे रेलला. “आणि बाई पळाली त्याच दिवशी मूल जन्मलं, हे या माणसाने शपथेवर सांगितलं. सणही तोच, गावही तेच, बाळंतपणाला आलेल्या तुमच्या बाईसाहेबही त्याच. सर रॅनल्फ, तुमच्या बाईसाहेब इथे बाळंतपणाला दोनदा आल्या होत्या का?”

सर रॅनल्फ खाली बसले. त्यांच्या मानेवरची शीर उडत होती.

“मला बारा साक्षीदार हवे होते,” अंमलदार म्हणाला. “न बोलावता तेरावा मिळाला, आणि तोच कामाचा निघाला. लिही. सर ह्यूंचा मुलगा बर्ट्रम याला एकवीस वर्षं पूर्ण झाली आहेत.”

गाव ओरडायला लागलं. वॅटकिनने माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की मी ग्रंथावर पडलो. पण सर रॅनल्फ यांचा आवाज त्या सगळ्यावर चढला. रणांगणावर कमावलेला आवाज तो.

“ठीक आहे! पोरगा तुमचा. पण बाई माझी. ती आज माझ्याबरोबर येईल.”

अंमलदाराने खांदे उडवले. “तसा तुमचा हक्क दिसतो खरा.”

तेव्हा बर्ट्रम बोलला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं बोलणं. आवाज मोठा नव्हता.

“सर रॅनल्फ, पालकाला वारसाच्या रानातून किती लाकूड घेता येतं?”

“म्हणजे?”

“घरापुरतं, कुंपणापुरतं आणि चुलीपुरतं. राजाचा कायदा आहे. अर्धा डोंगर तोडून विकता येत नाही. मी काल सगळे बुंधे पाहून आलो. अंमलदार इथेच बसले आहेत. मी आता तक्रार गुदरली तर ते लगेच लिहून घेतील, आणि तुम्हाला ते सगळं रान भरून द्यावं लागेल.” तो थोडा थांबला. “मी तक्रार करणार नाही. एकाही झाडाबद्दल, कधीही. तुम्ही या बाईचं मुक्तिपत्र लिहून द्या. तिचं आणि तिच्या पोराबाळांचं. आत्ता.”

वॅटकिन कळवळला. सगळं रान एका बाजूला आणि माझी बायको एका बाजूला, म्हणजे त्याच्यासारख्या कारभाऱ्याला दुखणारच. पण तोंडातून ब्र काढला नाही, हा त्याचा मोठेपणा.

सर रॅनल्फ बर्ट्रमकडे वळले. “मी तुला तलवार शिकवली,” ते म्हणाले. “ही विद्या कुणी शिकवली?”

“तुमच्या मागे उभा राहून शिकलो, सर. चौदा वर्षं.”

म्हातारा हसला. खरंच हसला, मला त्याचं अजून आश्चर्य वाटतं. मग बोटातली शिक्क्याची अंगठी काढून त्याने कारकुनापुढे टाकली. “लिही.”

“नाव काय लिहू?” कारकुनाने विचारलं.

दारातून माझी बायको पुढे आली. केस तसेच मोकळे. “मॉड,” ती म्हणाली. “ॲग्नेसला कुणी बांधलेलं नव्हतं.”

घरी येताना मी तिच्यावर भडकलो. मुक्तिपत्र हातात होतं, तरीही.

“पोरगा बोलला नसता तर? आज संध्याकाळी तू रॅनल्फच्या गाडीत असतीस!”

“असते.”

“आणि गाठ सोडताना तुला कळत होतं का, की तो असा फसेल?”

“त्याच्या स्वयंपाकघरात मी आठ वर्षं होते,” मॉड म्हणाली. “त्या माणसाने ताटातलं हाडही कधी कुत्र्याला सोडलं नाही. आपलं म्हणून काही दिसलं, की तो आधी झडप घालतो आणि मग विचार करतो. तेवढं मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं.” थोडं चालून ती पुन्हा बोलली. “सर ह्यूंनी तेव्हा आपल्याला वाचवायला मान फिरवली होती, ॲडम. त्यांच्या पोराच्या वेळी मलाही फिरवता आली असती. पण मग मी तुझ्याकडे कुठल्या तोंडाने बघितलं असतं?”

मी तिचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. गाव बघत होतं, बघू दे म्हटलं.

त्या हिवाळ्यात बर्ट्रमने साऱ्या गावाला बोडक्या डोंगरावर नेलं आणि ओकच्या बिया पुरल्या. स्वतः गुडघ्यांवर बसून. मग राजाचा निरोप आला आणि तो स्कॉटलंडच्या सरहद्दीवर लढायला गेला. पाच वर्षं गेला, आला, पुन्हा गेला. एका खेपेला भाला लागून डावा खांदा निकामी करून आला. तिथल्या लढाईत तो पुलाच्या तोंडाशी तिघांसमोर एकटा उभा राहिल्याचं त्याच्याबरोबरची माणसं सांगायची. तो स्वतः कधी सांगायचा नाही. मग लग्न झालं.

आणि एका मार्च महिन्यात, भर दुपारी, आमच्या दारावर धडाधडा थापा पडल्या. मी दार उघडलं. बर्ट्रम उभा होता, टोपी नाही, अंगरख्याची सगळी बटणं सुटलेली. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

“कालपासून अडली आहे,” तो म्हणाला. पुलावर तिघांना तोंड देणारा हा माणूस, पण त्याच्या तोंडून शब्द नीट निघत नव्हते. “सुईण म्हणाली, गावातलं सगळं मोकळं करा. मी स्वतःच निघालो, घरोघर. ॲडम, तुमच्या घरात जी काही कुलपं असतील ती...”

मागून मॉड आली. तिने आधी त्याला बाकावर बसवलं, मग पाणी दिलं. म्हातारी झाली होती, पण केस अजून मोकळेच सोडायची. हे वागणं शोभत नाही, असं गावातल्या बायका म्हणायच्या.

“आमच्याकडे उघडायला काही नाही, बाळा,” ती म्हणाली. “तू ते पत्र लिहवून घेतलंस, त्या दिवसापासून या घरात कुलूप नाही.”

तिने रुमाल उचलला आणि त्याच्याबरोबर पुढच्या घराकडे निघाली. मी शिडी घेऊन घंटेकडे गेलो, वाजवायची वेळ आली तर दोर अडकू नये म्हणून. दोर मोकळा करून मी देवळाच्या छपरावर बसून राहिलो. समोरच्या डोंगरावर ओकची रोपं माणसाच्या कमरेएवढी झाली होती. सूर्य मावळायच्या आत खालून मॉडने रुमाल हलवला, आणि मी घंटा वाजवली.